मुलांना व्हिडिओ शिकवताना रंग कुठून सुरू करावा? (इंदूर)

हिरवा_चुडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

रामबागेत आम्ही काही जण आठवी ते बारावीच्या मुलांसाठी शनिवार-रविवारी व्हिडिओचा वर्ग घेतो. फी नाममात्र. कॅमेरे म्हणजे मुलांचेच फोन, शिवाय एक जुना डीएसएलआर आहे. निम्मी मुलं मराठी घरांतली, निम्मी हिंदी-माळवी, त्यामुळे वर्गात दोन्ही भाषांची सरमिसळ चालते. चौकट कशी बांधायची, शॉट कधी तोडायचा, आवाज, संकलन, इथवर सगळं बरं चालतं. रंगापाशी आलं की घोडं अडतं.

मुलं येतानाच रंग 'शिकून' आलेली असतात, रील्सवरून. सावल्या निळ्या-हिरव्या, चेहरे नारिंगी, वरखाली काळ्या पट्ट्या, झालं सिनेमॅटिक. आजीच्या पोह्यांचा व्हिडिओ असो की सोसायटीतल्या चोरीचा, लेप तोच. दुसऱ्या बाजूला शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मिळालेला तक्ता असतो: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, हिरवा म्हणजे मत्सर, काळा म्हणजे मृत्यू. एका मुलीने तो तक्ता इमानेइतबारे पाळला. तिच्या फिल्ममधली हिरव्या साडीतली मावशी मत्सराने जळतेय, हे तिने स्वतः सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? आपल्याकडे लग्नात हिरवा चुडा भरतात, डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवतात. आणि काळा म्हणाल, तर संक्रांतीला नव्या सुनेला कौतुकाने काळी साडी घेतात, वर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. मृत्यूचा तिथे काय संबंध?

माझं मत स्पष्ट सांगते. अर्थांचा तक्ता वर्गात आणूच नये. रंगाला अर्थ येतो तो त्या फिल्मच्या आत: शेजारी कोणता रंग आहे, आधी कुठे दिसला होता, पुन्हा कधी दिसतो, यावरून. आणि त्यातलं बरंचसं शूटिंगच्या आधीच ठरलेलं असतं, कपड्यांत, भिंतीत, वेळेत. सॉफ्टवेअर फार नंतर येतं.

पण हे चौदा वर्षांच्या मुलाच्या गळी कसं उतरवायचं? सध्या मी पहिले काही वर्ग फोन कृष्णधवलवर ठेवायला लावते. लाल सदरा आणि हिरवी भिंत दोन्ही एकाच राखाडीत गेलेली पाहिली की मुलं दचकतात, मग उजेड-अंधाराकडे बघायला लागतात. इथपर्यंत ठीक. पुढची पायरी काय ठेवावी? ज्यांनी शिकवलंय किंवा ज्यांचं पोट यावर आहे, त्यांनी जरूर लिहावं.


सराफ्यातला_ट्रायपॉड

ताई, आपण लग्नाचे व्हिडिओवाले, थिअरी आपल्याला येत नाही. पण पोरांकडून पहिलं काम करून घ्या: ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं ते फोनने आपोआप ठरवायचं नाही.

रात्री पोरांना सराफ्यात, आपल्या खाऊबाजारात घेऊन या. एका गाडीवर जुना पिवळा बल्ब, शेजारच्या गाडीवर पांढरा एलईडी, मागे दुकानाची निळी पाटी. फोन ऑटोवर ठेवून भुट्ट्याच्या किसापासून जिलेबीपर्यंत कॅमेरा फिरवा. अर्ध्या वाटेत फोन आपलं मत बदलतो. किस पिवळा होता तो पांढरट होतो, मागचा माणूस एकदम निळा पडतो. हे नंतर एडिटिंगमध्ये नीट करणं म्हणजे डोक्याला ताप, कारण एकाच शॉटमध्ये दोन रंग आलेत.

आकडे पाठ करायला लावू नका, पण तीन तरी कळू द्या. जुना टंगस्टनचा दिवा ३२०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा चढला की उजेड निळसर) आसपास, दुपारचं ऊन ५६०० च्या आसपास, आणि उघड्या आकाशाखालची सावली ७००० च्याही वर जाते. आता एकच प्लेट, एकच दिवा, कॅमेरा आधी ३२०० वर लॉक करून शूट, मग ५६०० वर. पहिल्यात प्लेट पांढरी दिसेल, दुसऱ्यात नारिंगी. मग विचारा, खायची इच्छा कुठल्यात होते? पोरं दुसरं सांगतात. म्हणजे 'करेक्ट' पांढरा हाच बरोबर पांढरा असं काही नाही हे त्यांनाच समजतं. फक्त तो निर्णय आपला पाहिजे, फोनचा नको.

आणखी दोन गोष्टी, रंगाच्या नाहीत पण रंगाचा सत्यानाश करतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/६० वर असलं की स्वस्त एलईडीखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. १/५० किंवा १/१०० ठेवा, फ्रेम सेकंदाला शक्यतो २५. दुसरं म्हणजे नव्या फोनांत एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला साठवणारा) आपोआप चालू असतो. साध्या टाइमलाइनवर टाकला की सगळं जळाल्यासारखं पांढरं. पोरांना वाटतं आपलंच चुकलं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.


पेठेतला_पाहुणा

विषय चांगला आहे, पण मुळात प्राधान्यक्रमच चुकतोय असं वाटतं. शालेय फिल्म स्पर्धांच्या निमित्ताने अशा बऱ्याच फिल्म बघतो. रंग वाईट म्हणून फिल्म पडली असं मला आठवत नाही. पडते ती आवाज ऐकू न आल्यामुळे आणि गोष्ट नसल्यामुळे. त्या मुलांना आधी फोनपासून दोन हातांवर नीट संवाद रेकॉर्ड करू द्या. रंग हा पोटभर जेवल्यानंतरचा विडा आहे.


हिरवा_चुडा

@पेठेतला_पाहुणा, आवाजाबद्दल पूर्ण सहमत, त्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. विड्याबद्दल नाही. मुलगी घरातून निघताना कोणता ड्रेस घालून आली, यावर तिची फिल्म अर्धी ठरलेली असते. ते ती नकळत ठरवतेच, मग कळून का ठरवू नये? यात आवाजाचा वेळ कुठेच जात नाही.


काडी_आणि_बोरू

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. व्हिडिओतलं मला कळत नाही, रंगातलं थोडं कळतं. त्यातून इंदूरचा विषय निघाला म्हणून लिहितोय.

मुलांना सांगा की ती ज्या शहरात शिकतायत, तिथे देवळालीकर सरांनी १९२७ मध्ये कलाशाळा सुरू केली. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे इथलेच, त्या शाळेचे विद्यार्थी, पुढे बडोद्याला जाऊन त्यांनी पिढ्या घडवल्या. चित्रकार एम. एफ. हुसेनही याच शाळेतले, आणि त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून दिवस काढले. होर्डिंगवरचा चेहरा आठवतो का कुणाला? गालाच्या सावलीत सरळ निळा, हनुवटीखाली हिरवा. जवळून बघाल तर भयंकर. रस्त्याच्या पलीकडून बघितलं की चेहरा उठून समोर येतो. तुमच्या मुलांचं ते निळं-नारिंगी प्रकरण फार नवं नाही, एवढंच म्हणायचंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी असतो तर पुढची पायरी म्हणून कागद आणि कात्री घेतली असती. राखाडी घोटीव कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक लाल कागदावर ठेवा, एक हिरव्यावर. लालवरचा राखाडी हिरवट वाटतो, हिरव्यावरचा गुलाबीकडे झुकतो. मुलं शपथेवर सांगतात की दोन कागद वेगळे आहेत. मग दोन्ही उचलून शेजारी ठेवायचे.

हे ज्याने नीट मांडलं तो चित्रकार नव्हता, शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होता. पॅरिसच्या गोबेलँ या राजाश्रयाच्या विणकामशाळेत तो रंगाईखात्याचा प्रमुख. तक्रार आली की काळा रंग फिका उतरतोय. त्याने धागा तपासला, काळ्यात खोट नव्हती. शेजारी विणलेला निळा-जांभळा धागा त्या काळ्याला मारत होता. त्याचं पुस्तक १८३९ चं. आपल्याकडे महेश्वरच्या मागावरचा विणकर हे पुस्तक न वाचता जाणतो. साडीचं अंग आणि काठ कसे जुळवायचे, हाच त्याचा रोजचा प्रश्न. मुलांना एखाद्या महेश्वरी साडीच्या काठाचा अगदी जवळून व्हिडिओ घ्यायला लावा, मग लांबून. एकच धागा दोन ठिकाणी दोन रंगांचा दिसेल.

दुसरा प्रयोग फुकटचा. जास्वंदीचं झाड असेल त्या अंगणात संध्याकाळी मुलांना बसवा आणि दिवा लावू नका. उजेड उतरत गेला की लाल फूल आधी काळं पडतं, पानं बराच वेळ तग धरतात, निळसर गोष्टी उलट उजळ वाटू लागतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. अंधारात डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. सिनेमातली रात्र निळी का, याचं एक उत्तर इथे मिळतं. चांदणं निळं नसतं, तो परावर्तित सूर्यप्रकाशच, आणि उन्हापेक्षा किंचित तांबूसच. तरी मूकपटांच्या काळापासून रात्रीचा प्रसंग दाखवायचा तर फिल्मची पट्टी निळ्या रंगात बुडवायचे, आणि प्रेक्षकाला ती रात्र पटायची.


भरतवाक्य

तक्त्याला एकदम हाकलू नका. आपल्याकडेही तक्ता आहेच. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला वर्ण दिलाय: 'श्यामो भवति शृङ्गारः सितो हास्यः प्रकीर्तितः'. करुण कपोतवर्णी, म्हणजे पारव्याचा करडा. रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. परंपरेचा आधार असताना मुलांना 'काही नियम नाही' असं सांगणं मला पटत नाही.


हिरवा_चुडा

श्लोकाबद्दल आभार, वर्गात वाचून दाखवीनच. पण बघा ना, शृंगार श्याम आणि बीभत्स निळा. आजच्या मुलाला यातलं रौद्र सोडून काय जवळचं वाटेल? शाळेतल्या तक्त्यात निळा दुःखाचा, भरतमुनींकडे किळसेचा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की तक्ता हा करार असतो एवढंच सिद्ध होतं, आणि करार दोन्ही पक्षांना माहीत हवा. नाटकाच्या प्रेक्षकाला तो माहीत असेल. यूट्यूबवर तीन मिनिटांची फिल्म बघणाऱ्याशी करार त्या तीन मिनिटांतच करावा लागतो.


भरतवाक्य

हे मान्य. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवूनच शिकवा, सुरुवात तिथूनच करा. :)


बारावी_कॉमर्स

मी ताईंच्याच क्लासमधला आहे, इथे नाव सांगत नाही. एक प्रश्न आहे. सगळे टील-ऑरेंजला (ते निळं-हिरवं आणि नारिंगी) नावं ठेवतात, पण ते चांगलं दिसतं हे तर खरं आहे ना? का दिसतं, ते कोणी सांगत नाही. मी ट्राय केलं तर आमच्या घरातल्या सीनमध्ये मात्र सगळं आजारी दिसलं.


लिफ्ट_गॅमा_गेन

मी मूळचा इंदूरचा, आता मुंबईत रंगसंस्कारणाचं, म्हणजे ज्याला सगळे ग्रेडिंग म्हणतात त्याचं काम करतो. बारावी_कॉमर्स, प्रश्न एकदम रास्त आहे.

माणूस गोरा असो, सावळा असो, काळा असो, त्वचेचा रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात बसतो. उजळपणा बदलतो, मूळ रंगछटा फारशी नाही. व्हेक्टरस्कोप नावाच्या मीटरवर तर त्यासाठी एक रेघच आखलेली असते. वर्गातल्या सगळ्यांचे चेहरे शूट करून बघा, सगळ्यांचे ठिपके त्या रेघेच्या आसपास पडतील. नारिंगीच्या समोरचा रंग निळा-हिरवा. मागची बाजू तिकडे ढकलली की चेहरा सुटा होतो, बस्स, एवढीच जादू.

आता तुझं घर. मी बघितलेलं नाही, पण पैज लावतो की भिंत पिवळी, क्रीम किंवा पिस्ता आहे. क्रीम भिंत आणि चेहरा एकाच पट्ट्यात. फिल्टरने भिंत हिरवट केली की चेहऱ्याच्या कडा आणि सावल्याही हिरवट होतात, आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. पात्राला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आण, म्हणजे भिंतीवर उजेड कमी पडेल. किंवा निळी चादर टाकलेल्या पलंगाच्या बाजूला बसव. किंवा त्याचा क्रीम शर्ट बदल. ताई म्हणतायत ते हेच: निम्मा रंग कपाटातून येतो. (परदेशी मालिकांत भारत आला की सगळं हळदीसारखं पिवळं करतात, तो याच फिल्टरचा चुलतभाऊ. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

एक विनंती शिकवणाऱ्यांना. फोनमधलं ब्युटी मोड पहिल्या दिवशी बंद करवून घ्या. ते रंग उजळ करतं आणि मुलांना कळतही नाही. जुन्या काळी फोटोच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जी नमुना-छायाचित्रं असायची त्यांत गोऱ्या बाईचा चेहरा असे, आणि सावळी माणसं त्या मापाने वाईट छापली जात. आता तेच काम फोन गुपचूप करतो. सावळ्या मुलीला सावळीच दाखवायची, आणि ती सुंदर दिसेल असा उजेड शोधायचा. खिडकीचा बाजूने येणारा मऊ उजेड घ्या, तिच्या गालावर त्याची चमक येऊ द्या. हा एक धडा नीट झाला तर बाकी ग्रेडिंग नाही शिकवलं तरी चालेल असं मला वाटतं.


बारावी_कॉमर्स

भिंत पिस्ता आहे. 😶


लिफ्ट_गॅमा_गेन

आता रंगपंचमीबद्दल, कारण इंदूरची मुलं व्हिडिओ शिकतायत आणि गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, शूट करणार नाहीत हे शक्य नाही. राजवाड्यासमोर गुलालाचे ढग उडतात तेव्हा जगातला कुठलाही कॅमेरा रडतो. का, ते समजून घेण्यासारखं आहे, आणि रंगाचं तंत्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

एचडी व्हिडिओत उजळपणाचा हिशेब करताना हिरव्याला साधारण ७२ टक्के वजन असतं, लालला २१, निळ्याला फक्त ७. म्हणजे लाल-गुलाबी गुलालाने चौकट भरली, लाल चॅनल (चित्राच्या लाल, हिरवा, निळा या तीन भागांतला लाल) पूर्ण ओसंडून गेला, तरी उजळपणाचं मीटर म्हणतं, छे, इथे तर अंधार आहे. ऑटो एक्स्पोजर मग आणखी उजेड वाढवतो. परिणाम: ढगाच्या आतल्या सगळ्या वळ्या, कमीजास्त दाटपणा नाहीसा होऊन सपाट गुलाबी डाग. झेब्राच्या रेघाही (उजेड जास्त झाला की पडद्यावर उमटणाऱ्या) बहुतेक कॅमेऱ्यांत उजळपणावर चालतात, त्या इशारा देत नाहीत. म्हणून गुलालात एक्स्पोजर हाताने लॉक करा आणि मन घट्ट करून थोडं कमीच ठेवा. एडिटिंगला आल्यावर तिन्ही चॅनल वेगळे दाखवणारा आरजीबी परेड बघा. वर चपटा झालेला लाल लगेच दिसतो, आणि तो गेला तो गेला, परत येत नाही.

दुसरी अडचण. फोनचा बहुतेक व्हिडिओ ४:२:० असतो. उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा नोंदवला जातो, पण रंग मात्र चार पिक्सेलांत मिळून एक. डोळ्याला उजेडातला फरक जास्त बारीक दिसतो, रंगातला कमी, म्हणून ही काटकसर एरवी खपून जाते. गुलालात खपत नाही, कारण तिथे उजेडाचा फरक फारसा नसून सगळा तपशीलच रंगात असतो. वर ८ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १० बिटमध्ये १०२४. ढगाच्या कडेला आकाशात मिसळताना पट्टे दिसतात ते या पायऱ्या कमी पडल्यामुळे. फोनमध्ये १० बिटची सोय असेल तर या एका दिवसासाठी वापरा, पण मग वर ट्रायपॉडरावांनी एचडीआरबद्दल लिहिलंय ते ध्यानात ठेवून. नसेल तर ढगाच्या पोटात शिरू नका. राजवाड्याचे खालचे दगडी मजले आणि वरचे लाकडी, ती गडद भुरी रंगत मागे ठेवा आणि ढग तिच्यासमोर घ्या. मागे गडद असलं की ढगाला आकार येतो. पांढऱ्या आकाशासमोर घेतलात की संपलं.

अवांतर: रंगाने दगा देणं हे जुनंच आहे. प्रभात कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९३३ मध्ये शांतारामबापूंनी रंगीत करायचा घाट घातला, छपाईला जर्मनीला नेला, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. तेव्हा तुमच्या मुलांना पहिल्या गेरमध्ये जमलं नाही तर खचू नका म्हणावं, चांगल्या घराण्यातला दोष आहे.


सराफ्यातला_ट्रायपॉड

हौ भिया, एकदम बरोबर. गेरमध्ये आम्ही तर एक्स्पोजर आदल्या गल्लीतच लॉक करून टाकतो, राजवाड्यावर पोचल्यावर बटणं बघायला डोळे उघडेच राहत नाहीत.


आई_बाबा_दोन्ही

वाचते आहे, खूप छान धागा. एक अडचण विचारू का? माझ्या मुलाला लाल-हिरव्यात गफलत होते, डॉक्टरांनी रंगांधळेपणा सांगितलाय. त्याला कॅमेऱ्याची भयंकर आवड आहे. रंगाचा वर्ग आला की तो गप्प होतो. त्याला या भागापासून दूर ठेवावं का?


लिफ्ट_गॅमा_गेन

अजिबात नाही, ताई. लाल-हिरव्याची गफलत मुलांमध्ये मुलींपेक्षा खूप जास्त दिसते, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाकडे ते एकच. त्यामुळे तुमच्या मुलाची फिल्म बघणाऱ्यांतही त्याच्यासारखे थोडेबहुत असतात. दोन व्यावहारिक गोष्टी. एक, मीटर डोळ्यापेक्षा प्रामाणिक असतं. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत परेड आणि व्हेक्टरस्कोप दोन्ही आहेत. त्वचा रेघेवर आहे का, पांढऱ्याचे तिन्ही चॅनल एका उंचीवर आहेत का, हे तो आकाराने वाचू शकतो. दोन, धागाकर्तीच्या कृष्णधवल वर्गात तो इतरांच्या पुढे असणार. लाल गाडी हिरव्या झाडीत त्याला दिसत नसेल तर ती चौकट उजेड-अंधारातही कच्ची आहे, आणि हे वर्गात सगळ्यात आधी तोच सांगू शकेल.


काडी_आणि_बोरू

माझ्या वर्गात असे विद्यार्थी होऊन गेले. रेखांकनात आणि छायाप्रकाशात पक्के. नळ्यांवर रंगाची नावं लिहून ठेवायचे, बाकी कुणाला पत्ताही लागत नसे. त्याला गप्प बसू देऊ नका.


हिरवा_चुडा

आई_बाबा_दोन्ही, त्याला पुढच्या शनिवारी नक्की पाठवा. तपासनीस पाहिजेच होता मला.

बाकीच्यांसाठी, मधल्या दोन आठवड्यांत काय केलं ते लिहिते. कागद-कात्रीचा प्रयोग भलताच रंगला. दोन मुलांनी भांडण काढलं की मी हातचलाखीने कागद बदलला. मग तोच प्रयोग त्यांना कॅमेऱ्यापुढे करायला सांगितला: एकाच मित्राला, एकाच शर्टात, कॉलनीतल्या तीन वेगवेगळ्या भिंतींसमोर, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करून. शर्ट तीन रंगांचा दिसला.

त्यानंतरचा गृहपाठ: दोन मिनिटांची फिल्म, संवाद नाहीत. एक रंग निवडायचा आणि तो फक्त तीनदा दिसू द्यायचा. बाकी सगळ्या चौकटींतून तो रंग हुसकून लावायचा. वस्तू घरातल्या किंवा रस्त्यावर टाकलेल्या, विकत काहीही आणायचं नाही. चिंचाळकर गुरुजींनी याच गावात वाळकी पानं, मुळं आणि टाकाऊ वस्तूंतून चित्रं उभी केली, त्यांचं नाव घेऊन ही अट घातली. हुसकून लावण्यातच खरा अभ्यास झाला. निळा रंग घेतलेल्या मुलाला कळलं की इंदुरात निळ्यापासून सुटका नाही, सुक्या कचऱ्याचा डबा दाराशी उभाच. त्याने बिचाऱ्याने प्रत्येक शॉटआधी शेजाऱ्यांचे डबे सरकवले आणि शेजारणीची बोलणीही खाल्ली.

एक फिल्म मात्र सांगायलाच हवी. मुलीने पिवळा घेतला होता. पहिल्यांदा आजीच्या हातात वायरची विणलेली पिवळी पिशवी, भाजी आणतानाची. दुसऱ्यांदा तीच पिशवी खिळ्याला, खोली रिकामी. तिसऱ्यांदा सरवटे बसस्टँडचा लांबून घेतलेला शॉट, एवढी गर्दी, आणि त्यात कुठेतरी ती पिशवी. डोळा थेट तिथे जातो. मग कळतं की ती नातीच्या हातात आहे. पिवळा म्हणजे आनंद की शोक, असं वर्गात कुणीच विचारलं नाही.


पेठेतला_पाहुणा

फिल्म छान वाटतेय. पण हलके घ्या, वादासाठी विचारतो: हे काम रंगाने केलं की पिशवीने? कृष्णधवल असती तरी वस्तू ओळखू आली असती की.


लिफ्ट_गॅमा_गेन

पहिल्या दोन शॉटमध्ये पिशवीने. तिसऱ्यात नाही. एवढ्या रुंद चौकटीत पिशवी म्हणजे मोजून काही पिक्सेल, आकार ओळखू येणं शक्य नाही. तिथे फक्त पिवळा शिल्लक राहतो आणि तो चालतो, कारण आधी दोनदा पेरलाय आणि मध्ये कुठेही वाया घालवलेला नाही. तिने स्टँडवर दुसरं पिवळं येऊ नये म्हणून किती वेळ वाट बघितली असेल, ते विचारा तिला.


हिरवा_चुडा

विचारलं होतं. एक पिवळ्या साडीतली बाई तिकीट खिडकीपाशीच ठाण मांडून होती, म्हणे. तिची बस लागेपर्यंत थांबली.


पेठेतला_पाहुणा

बरं, विडा परत घेतो. आवाज तरीही आधी.


सराफ्यातला_ट्रायपॉड

ताई, गेरसाठी पोरांना आणणार असाल तर: फोन पारदर्शक पिशवीत, लेन्सच्या जागी पिशवी ताणून रबर लावा, नाहीतर सुरकुती चित्रात येते. गुलाल चार्जिंगच्या भोकात गेला की फोन गेला, तिथे टेप. लेन्सवर बसलेला गुलाल ओल्या फडक्याने पुसू नका, रंग पसरतो आणि दिवसभर सगळं गुलाबी, आधी कोरड्या ब्रशने झटकायचा. पाण्याच्या टँकरच्या मागे चालायचं, पुढे नाही. लहान पोरांना रस्त्यावर उतरवूच नका, कोणाच्या तरी गच्चीची सोय करा. आणि क्लिप व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की लिफ्टभाऊंनी वाचवलेला सगळा लाल तिथे मरतो.


हिरवा_चुडा

गच्चीचीच शोधाशोध चालू आहे. राजवाड्याच्या आसपास कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोठी माणसं सोबत असतील, मुलं दहा-बाराच्या वर नसतील, आणि गच्ची धुऊन देण्याची जबाबदारी आमची.


काडी_आणि_बोरू

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुकान तिथे आहे, वर गच्ची. विचारून सांगतो. पण तो पांढऱ्या रंगाचा नुकताच हात मारलाय म्हणत होता, तेव्हा धुण्याचं नक्की का?